बीचा वर्ग

पडद्यावर अक्षरं उमटली, "वास्तव मुळे नाहीत", आणि मुलगा हसला.

वाईट हसला नाही तो. लहान मुलानं चपला उलट्या घातल्या की आपण हसतो तसा हसला. "दोन आणि तीन, आई," तो म्हणाला. "एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा. दोन आणि तीन. शाळेतलं पोर तोंडी सांगेल. आणि तुझा प्रोग्राम म्हणतोय उत्तरच नाही." मग त्यानं बाह्या वर केल्या आणि पलंगावरची गादी गुंडाळायला घेतली. "ठरल्याप्रमाणे ना?" त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं. तिनं मान हलवली. ती होकाराची हलली की नकाराची, हे तिचं तिलाही कळलं नाही, आणि त्यानं तर पाहिलंच नव्हतं.

ठरलं होतं ते असं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत मोठ्या माणसांना कॉम्प्युटर शिकवत. तिथं ती हिवाळाभर जात होती. शिकवणाऱ्या बाई तिच्या मुलापेक्षाही लहान होत्या. त्यांनी सांगितलं होतं की कुठलंही वर्गसमीकरण दिलं तरी सोडवून दाखवील असा छोटा प्रोग्राम ज्याचा त्यानं स्वतः लिहायचा. ज्याचा चालेल त्याला पुढच्या वर्गात घेऊ. दाखवायचा दिवस उद्याचा होता. इकडे मुलाचं चाललं होतं की आई, आता पुरे, तू माझ्याकडे ये. थंडीत ती जिन्यात घसरून पडली होती, आणि खालच्या मजल्यावरचा घड्याळजी दुकान बंद करून घरी येईपर्यंत तशीच पायरीवर बसून राहिली होती. तेव्हापासून मुलाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. त्यानं घरातली एक खोली रिकामी केली, रंगवली, आणि गवंडी बोलावून खिडकी खाली घेतली. "पलंगावर पडल्या पडल्या बाहेरचं दिसेल तुला," हे तो फोनवर इतक्यांदा म्हणाला की तिला ती खिडकी दिसायला लागली, तो पलंग दिसायला लागला, आणि त्या पलंगावर पडून दिवसभर बाहेर बघणारी एक बाईसुद्धा. त्या बाईचा चेहरा तिनं कधी नीट पाहिला नाही. घाईघाईनं म्हणाली, "माझं गणित सुटलं तर मी इथंच राहीन. नाही सुटलं तर येईन." मुलगा म्हणाला, "ठरलं." त्याला वाटलं आई वळली. तिला वाटलं मुलगा वळला. आणि आज सुट्टीच्या दिवशी सकाळी तो टेम्पो घेऊनच दारात. सुटलं तर रिकामा परत नेईन, म्हणाला. दोऱ्या मात्र भरपूर आणल्या होत्या.

"थांब जरा," ती म्हणाली. "कुठं उसवलंय ते बघते."

"बघ ना. तू बघ, मी बांधतो. दोघांचाही वेळ जाईल बरा."

टेम्पोवाला दार न वाजवताच आत आला. दांडगा, हसरा माणूस. त्यानं खोलीभर नजर फिरवली. "आजी, नुसते डबेच दिसतात की तुमच्याकडे! आणि डब्यात काय, अजून डबे?" मग तिच्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही पुढं बसणार का मागं, सामानात?"

"गप रे," मुलगा म्हणाला, पण त्यालाही हसू आवरलं नाही. दोघं कपाटाला भिडले.

ती कापड बेतायच्या टेबलाशी बसली होती. तेच तिचं लिहायचं टेबल, तेच जेवायचं. टेबलावर मुलाच्या ऑफिसातून निघालेला जुना लॅपटॉप. नातीचे फोटो बघायला म्हणून त्यानंच तो आणून दिला होता. त्याच्या पंख्याचा आवाज शिलाई मशीन लांबून चालल्यासारखा यायचा आणि म्हणूनच तिला तो आवडायचा. मागे कपाट फरशीवरून घासत निघालं तेव्हा तिच्या दातांत कळ गेली, पण तिनं मान वळवली नाही. कॉलर नीट बसत नसेल तर इकडचा दोरा ओढ, तिकडचा ओढ असं करायचं नसतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हातांनीच शिकून ठेवलं होतं. शेवटची शिवण आधी उसवायची, मग तिच्या आतली, मग तिच्याही आतली, चूक सापडेपर्यंत. तिनं शेवटची ओळ बघितली. ती म्हणत होती, विवेचक शून्यापेक्षा लहान असेल तर "वास्तव मुळे नाहीत" असं लिही. ही ओळ बाईंनी सगळ्यांना दिलेली, हिच्यात खोट नव्हती. म्हणजे विवेचक खरोखरच शून्याखाली गेला होता. का गेला? काल तर दोन्ही गणितं सुटली होती. बाईंनी दिलेल्या कागदावरचं पहिलं, एक्स वर्ग अधिक एक्स वजा सहा: दोन आणि वजा तीन. दुसरं, एक्स वर्ग वजा नऊ: तीन आणि वजा तीन. तिनं दोन्ही पुन्हा घालून पाहिली. सुटली. मुलाचं घातलं. वास्तव मुळे नाहीत. दोन वेळा मुकाट्यानं चालणारं यंत्र तिसऱ्या वेळी असं अडून बसतं तेव्हा माणसाला आधी स्वतःचाच संशय येतो. तिला वाटलं, वय. तिला वाटलं, या वयात असंच व्हायचं. हे "असंच व्हायचं" मुलाच्या आवाजात ऐकू आलं म्हणून ती चिडली, आणि चिडली ते बरं झालं.

बाई म्हणायच्या, अडलात तर डबे उघडून बघा. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं की प्रोग्राम म्हणजे ओळीनं मांडलेले डबे. डब्याला नाव द्यायचं, त्यात आकडा ठेवायचा, लागेल तेव्हा काढायचा. बाकीची माणसं मान डोलवत होती. तिला मात्र हे इतकं ओळखीचं वाटलं की हसूच आलं. जन्मभर दुसरं केलं काय? शर्टांच्या कारखान्यात ती आधी काजं करायची, म्हणून सगळे तिला काजेबाईच म्हणत. खरं नाव हजेरीवाल्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. काजांवरून ती कॉलरवर गेली. कॉलर शिवावी तर तिनंच, असं दुसऱ्या रांगेतल्या बायकाही म्हणत, आणि दुसऱ्या रांगेतल्या बायका सहसा कुणाला चांगलं म्हणत नसत. मग एक दिवस खात्याचा मुख्य लांबूनच ओरडला, "काजेबाईला पॅकिंगला वर्ग करून घ्या." एवढंच. तिनं कात्री ठेवली, पदराला अडकलेले दोरे झटकले आणि दुसऱ्या इमारतीत जाऊन उभी राहिली. का, असं तिनं विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हेही तिला माहीत नव्हतं. बापाच्या घरून नवऱ्याच्या घरी, नवऱ्याच्या गावाहून या शहरात, शहरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, कुणीतरी लांबून ओरडायचं आणि ती जाऊन उभी राहायची. पॅकिंगमध्ये सगळीकडे खोकी, आणि खोक्यांवर अक्षरं. ती तिला येत नव्हती. वळणं ओळखून ती माल भरायची: हे अक्षर हुकासारखं वाकडं, हे उघड्या कात्रीसारखं. तिथंच तिला अक्षरांची गोडी लागली. पोरगा शाळेत जायला लागल्यावर ती त्याच्या पाठीमागं बसून त्याच्या खांद्यावरून वाचायची. तो बोट फिरवायचा तिथं तिची नजर. तो कंटाळून पान उलटायचा तेव्हा तिची ओळ अर्धीच राहायची. "तू कशाला वाचतेस आई, मी आहे ना," असं म्हणायचा. सात वर्षांचा असेल. तेव्हा तिला किती भरून आलं होतं. तेच वाक्य तो अजून म्हणतो, हे आत्ता, या क्षणी तिच्या लक्षात आलं.

तिनं डबे उघडले. एकेक ओळ मध्ये घातली, सगळं दाखव म्हणून. पडद्यावर रांग लागली. ए: एक. बी: वजा पाच. सी: सहा. वर्ग: वजा पाच. विवेचक: वजा एकोणतीस.

तिनं रांग वरून खाली वाचली, मग खालून वर. चूक कुठंच नव्हती. ए जागच्या जागी. बी जागच्या जागी. बाई म्हणाल्या होत्या, "विवेचक काढायला आधी बीचा वर्ग करून घ्या, मग त्यातून चार ए सी वजा करा." तिनं वर्ग नावाचा डबा केला होता आणि बी त्यात वर्ग करून घेतला होता. वजा पाच इथून निघाला, वजा पाच तिथं पोचला. वाटेत काही सांडलं नव्हतं. त्यातून चोवीस वजा केले की वजा एकोणतीस. हिशेब चोख.

खाली जिन्यात काहीतरी आपटलं. "हळू!" मुलगा ओरडला. "काच आहे त्याला!" आणि टेम्पोवाला म्हणाला, "साहेब, काच आहे तर आरशात बघून तरी उतरा!" त्यांचं हसणं जिन्याच्या पोकळीत फिरून वर आलं. खोली आता मोठी वाटायला लागली होती. कपाट होतं तिथं भिंतीचा जुना रंग उघडा पडला होता, ओलसर, एखाद्या माणसाचे कपडे काढल्यासारखा. तिनं तिकडे बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. सापडायला हवं, ती मनात म्हणाली. आणि मग तोंडानं म्हणाली, "सापडायला हवं." रिकाम्या खोलीत तिचा आवाज तिला परका वाटला, पण खणखणीत वाटला.

वजा पाच. वर्गाच्या डब्यात वजा पाच. तिची नजर तिथून हलेना. काहीतरी डाचत होतं, चपलेत खडा गेल्यासारखं. काय ते कळत नव्हतं. बाईंचा आवाज आठवत होता, पण शब्द येत नव्हते. बाई फळ्यापाशी उभ्या, हाताला खडू, केसांना खडू, आणि त्या शेजारच्या बाकावरच्या निवृत्त पोस्टमनला समजावत होत्या, कारण त्याला पटत नव्हतं. वजा गुणिले वजा अधिक कसं होतं, हे त्या भल्या माणसाला काही केल्या पटत नव्हतं. "अहो काका," बाई शेवटी हात जोडून म्हणाल्या, "पटू दे की न पटू दे. एवढं धरून ठेवा, संख्या ऋण असो नाहीतर धन, तिचा वर्ग कधी ऋण येत नाही." पोस्टमन म्हणाला, "बायकोचं उलट असतं." सगळे हसले होते. तीही हसली होती. हसण्याच्या नादात वाक्य कानावरून गेलं होतं. ते आता आलं.

वर्ग कधी ऋण येत नाही. आणि हिच्या वर्गात वजा पाच बसला होता.

मग तिला एकदम सगळं दिसलं, आणि कानशिलं तापली. वर्ग करून घ्या! बीला स्वतःनंच गुणायचं होतं. पाचाचे पंचवीस व्हायचे होते. तिनं त्याला उचलून नुसता दुसऱ्या खोक्यात नेऊन उभा केला होता. जणू कारखान्यातला तो मुख्यच पुन्हा लांबून ओरडला होता आणि तिच्या हातांनी न विचारता ऐकलं होतं. एक्स वर्ग म्हणजे एक्स गुणिले एक्स हे तिला ठाऊक होतं, फळ्यावर शंभरदा पाहिलेलं. पण ते पुस्तकातलं ठाऊक होतं, आणि हे अंगातलं. आणि कागदावरची ती दोन गणितं! पहिल्यात बी एक, दुसऱ्यात शून्य. एकाचा वर्ग एक, शून्याचा शून्य. कुठंही नेऊन उभे करा, काही फरक पडत नाही त्यांना. तिला आधी राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम. ती त्या ओळीकडे बघत राहिली. बी बिचारा वजा पाच, जसाच्या तसा, नव्या नावाच्या डब्यात. तिनं चष्मा काढून पुसला, परत घातला. मग एका बोटानं, एकेक कळ शोधत, बीच्या पुढं गुणिलेची खूण टाकली आणि पुन्हा बी लिहिला. चालव, म्हणाली. पंखा घरघरला. तीन. दोन.

मुलगा धापा टाकत वर आला तेव्हा ती उभी होती. लॅपटॉप तिनं त्याच्याकडे वळवून ठेवला होता.

त्यानं वाकून पाहिलं. खांद्यावरच्या दोरीनं कपाळ पुसलं. "अरे वा," तो म्हणाला. मग खरंच कौतुकानं, "अरे वा, आई. काय चुकलं होतं?"

"माझा बी नुसताच फिरत होता."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. दुसरं दे."

त्यानं दुसरं दिलं, तिसरं दिलं. कागदावर स्वतः सोडवून ताडून पाहिलं. सगळी बरोबर आली. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ती वाट बघत होती. आता तो म्हणेल. टेम्पोवाल्याला हाक मारेल, वर आण म्हणेल. तो म्हणाला, "मस्त. मग असं करू. तिकडे आमच्या भागातही वाचनालय आहे. मी उद्याच चौकशी करतो. तिथं शिक पुढचं. कपाट तर गेलंच आहे खाली."

"आणि ठरलं होतं ते?"

"अगं, ते..." तो जवळ आला, तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता, दमलेला होता. "आई, ते मी तुझ्या समाधानासाठी हो म्हणालो. तू परत जिन्यात पडलीस तर समीकरण येणार आहे का उचलायला?"

प्रश्न खरा होता, आणि तो तिला चिडवायला विचारला नव्हता. ती बघत राहिली त्याच्याकडे. त्याच्या कानशिलावर पांढरे केस आले होते आणि त्यांत भिंतीचा चुना लागला होता. तिला कळलं की सकाळपासून तिनं सगळा भार त्या तीन आणि दोनवर टाकला होता. सुटलं तर राहीन, नाही तर जाईन. जणू आपण कुठं राहायचं ते तो पंखा घरघरून सांगणार होता. आणि नसतंच सापडलं तर? तर ती निमूट जिना उतरून टेम्पोत बसली असती, पुढं किंवा मागं. तिनं ते चित्र एकदा धीर करून पूर्ण पाहिलं. मग तिला आश्चर्य वाटलं, कारण त्या चित्रातली बाई काही केल्या जिना उतरत नव्हती.

"मी येणार नाही," ती म्हणाली.

"आई..."

"ऐक. गणित चुकलं असतं ना, तरी आले नसते. मला आत्ता कळलं. मला इथं राहायचंय म्हणून मी राहणार. त्याला गणित कशाला हवं?"

तो पलंगाच्या उघड्या पट्ट्यांवर बसला. गुंडाळलेली गादी त्याच्या पायाशी होती. तिच्या गाठीशी तो बोटांनी उगाच चाळा करत राहिला. खालून भोंगा वाजला, मग पुन्हा वाजला. "खिडकी खाली घेतली गं तुझ्यासाठी," शेवटी म्हणाला, आणि आवाज त्या सात वर्षांच्या पोराचा.

त्याच्याजवळ बसावं, डोक्यावरून हात फिरवावा आणि बरं बाबा म्हणावं, असं ओठांपर्यंत आलं. तिनं ते गिळलं. "येईन ना," ती म्हणाली. "पाहुणी म्हणून येईन, चार दिवस बसेन तुझ्या खिडकीत. सूनबाईला म्हणावं, माझ्या हातचं खाऊन कंटाळेपर्यंत राहीन. पण आत्ता नाही. उद्या मला बाईंकडे जायचंय."

"आणि पडलीस म्हणजे?"

"जिन्याला एका बाजूनं कठडा नाही. तो लावून दे. गेल्या थंडीपासून म्हणणार होते तुला."

"मग म्हणाली का नाहीस?"

"आता म्हणते आहे."

त्यानं मान खाली घातली. ती उभीच राहिली, कारण बसली असती तर वितळली असती. मग तो उठला, जिन्याशी गेला आणि खाली ओरडला, "ए, कपाट परत वर घ्यायचंय!"

"काय?"

"परत वर!"

"साहेब, थट्टा करताय का गरिबाची?" पण बोलता बोलता तो कपाटाची दोरी सोडायलाही लागला असावा, कारण गाडीच्या फाळक्याचा आवाज आला.

ती त्यांच्या मागोमाग उतरली नाही. जिन्याच्या मधल्या चौकात जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली. कपाट वर येऊ लागलं. मुलगा वरच्या बाजूला, उलटा चढत, पाऊल चाचपत. टेम्पोवाला खाली, गाल लाल, तोंडानं सगळ्या कपाट बनवणाऱ्यांचा उद्धार करत. चौकातल्या वळणावर ते अडलं. वर जाईना, खाली येईना. मुलाच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"आई, कसं घेऊ?"

तिनं कपाटाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, कोपरा नजरेनं मापला.

"तुझ्याकडचं टोक आधी खाली घे," ती म्हणाली. "अजून. हां. आता माझ्या बाजूनं फिरव."

त्यानं टोक खाली घेतलं, आणि तिच्या बाजूनं फिरवलं.